एकाच वेळी अनेक की-फ्रेम्स हलवायच्या असतील तर

गणपतीच्या आधीचा आठवडा. मंडळाच्या निमंत्रणाचं १२ सेकंदांचं ॲनिमेशन तयार आहे, सगळ्यांना आवडलंही आहे. संध्याकाळी निरोप येतो: "दादा, आवाज नव्याने रेकॉर्ड केलाय, तो १० सेकंदांतच संपतो. तेवढं बसवून द्या. आणि 'निमंत्रण' हा शब्द जरा वर घ्या, खाली देणगीदारांची पट्टी येणार आहे."

ऐकायला दोन वाक्यं. टाइमलाइनवर मात्र ४४ की-फ्रेम्स, म्हणजे हालचाल कधी आणि कशी बदलते ते ठरवणारे बिंदू; थोडक्यात कीज. नवीन माणूस अशा वेळी पहिली की धरतो, सरकवतो, मग दुसरी, मग तिसरी. विसाव्या कीपर्यंत आधीची लय हातातून गेलेली असते. मी पहिल्या वर्षी एका कामात हेच केलं होतं. तीन तास पोझिशनच्या (अक्षर कुठे आहे त्याच्या) कीज एकेक करून सरकवल्या, आणि ओपॅसिटीच्या (अक्षर किती दिसतं त्याच्या) कीज मिटलेल्या लेयर्समध्ये जुन्याच जागी राहिल्या. अक्षरं पडायची, पण दिसायची नाहीत. पडून झाल्यावर हळूच उगवायची. सकाळी व्हिडिओ द्यायचा होता आणि चूक कुठे आहे हे मला रात्रभर कळलं नाही.

म्हणून हा लेख. मी रोज वापरतो ते आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर यासाठी घेतलंय. कीबोर्डवरच्या कीज विंडोजच्या सांगतो; मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन धरा.

की-फ्रेम म्हणजे काय, एवढंच आधी

हाताने कार्टून काढायच्या काळात मुख्य चित्रकार हालचालीतल्या महत्त्वाच्या मुद्रा काढायचा आणि मधली चित्रं मदतनीस भरायचे. त्या महत्त्वाच्या चित्रांना की म्हणायचे. आता मधली चित्रं संगणक भरतो. आपण फक्त सांगतो की या फ्रेमला अक्षर इथे असू दे आणि त्या फ्रेमला तिथे. प्रत्येक कीमध्ये तीन गोष्टी असतात: ती कधी येते, तिथे व्हॅल्यू किती आहे, आणि तिथून जाताना-येताना वेग कसा आहे.

अनेक कीज एकदम बदलायच्या आधी स्वतःला विचारा की यातलं नेमकं काय बदलायचंय. वेळ, व्हॅल्यू की वेग? तिन्हींची अवजारं वेगळी आहेत. आणि तिन्हींमध्ये जपायची गोष्ट एकच: कीजमधलं आपसातलं अंतर. ॲनिमेशन छान दिसतं ते त्या अंतरामुळे. एकेक की हलवली की सगळ्यात आधी तेच बिघडतं.

आपलं उदाहरण

कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे ज्यात सगळ्या लेयर्स रचतो तो पडदा आणि त्याची टाइमलाइन) २५ फ्रेम प्रति सेकंदाचा आहे, म्हणजे १२ सेकंदांच्या ३०० फ्रेम. 'निमंत्रण' शब्दाची चार अक्षरं चार लेयर्सवर आहेत: नि, मं, त्र, ण. मराठी शब्द फोडताना वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर त्या त्या अक्षराबरोबरच ठेवा. वेलांटी एकीकडे आणि 'न' दुसरीकडे पडला तर वाचणाऱ्याला शब्दच लागत नाही.

प्रत्येक अक्षराला पोझिशनच्या चार कीज आहेत. फ्रेम ०ला ते पडद्याच्या वर आहे, १२ला जागेवर आदळतं, १६ला जरा उसळतं, २०ला स्थिर होतं. ओपॅसिटीच्या दोन कीज. पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा ३ फ्रेम उशिरा सुटतं. अशा २४ कीज झाल्या. वर झेंडूचं तोरण झुलतंय, त्याच्या रोटेशनच्या (फिरण्याच्या) ८ कीज आहेत, दर ४० फ्रेमला एक. खाली तारीख, स्थळ आणि 'आपले नम्र' अशा तीन ओळी येतात, प्रत्येकीच्या ४ कीज. एकूण ४४.

हात लावायच्या आधी

कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकदम दाबा. फाइल पुढच्या क्रमांकाने सेव्ह होते आणि जुनी तशीच राहते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. फक्त कॉम्पची प्रत काढून काम भागेल असं वाटतं, पण त्या कॉम्पच्या आत दुसरे कॉम्प असतील तर ते दोन्ही प्रतींत सामाईक राहतात. आतल्या कॉम्पमध्ये काही बदललंत तर 'जुनी' प्रतही बदलते.

आता टाइमलाइनवर क्लिक करून कंट्रोल-ए आणि मग यू. ज्या ज्या प्रॉपर्टीला (पोझिशन, ओपॅसिटी, रोटेशन अशा गुणाला) की आहे ती प्रत्येक प्रॉपर्टी उघडते. माझी त्या रात्रीची चूक या एका यू-ने टळली असती.

तरीही दोन प्रकारच्या लेयर्स निसटतात. कुलूप लावलेली लेयर निवडलीच जात नाही, त्यामुळे बाकी सगळं सरकतं आणि ती मागे राहते. 'शाय' केलेली, म्हणजे यादीतून लपवलेली लेयर टाइमलाइनवर दिसतच नाही. कुलपं काढा, शायचं बटण बंद करा, मग पुढे जा. आणि टाइमलाइनवरच्या वेळेच्या आकड्यावर कंट्रोल धरून क्लिक करा. सेकंदांऐवजी थेट फ्रेमचा आकडा दिसायला लागतो. हिशेब करायला तो बरा पडतो.

निवडणं

एका प्रॉपर्टीच्या सगळ्या कीज हव्या असतील तर प्रॉपर्टीच्या नावावर क्लिक करा. अनेक लेयर्समधल्या हव्या असतील तर रिकाम्या जागेपासून माउस ओढून चौकट काढा; शिफ्ट धरून दुसरी चौकट काढली तर त्या कीज आधीच्या निवडीत जमा होतात. दिसणाऱ्या सगळ्याच हव्या असतील तर कंट्रोल-ऑल्ट-ए. एका कीवर राइट क्लिक केलंत तर 'सिलेक्ट फॉलोइंग की-फ्रेम्स' मिळतं, म्हणजे त्या प्रॉपर्टीतल्या इथून पुढच्या सगळ्या. निवडलेल्या कीज निळ्या होतात.

निवड झाल्यावर लगेच ओढू नका. वरपासून खालपर्यंत नजर फिरवा आणि एखादी राखाडी राहिली आहे का ते बघा. एकदम केलेल्या कामात चूकही एकदम होते.

वेळ बदलणं: आवळायचं काय?

नुसतं पुढे-मागे करायचं असेल तर सोपं आहे. निवडलेल्यांपैकी कुठलीही एक की धरून ओढा, बाकीच्या बरोबर येतात. ओढताना शिफ्ट धरलंत तर ती प्लेहेडला, म्हणजे आत्ताची फ्रेम दाखवणाऱ्या उभ्या रेघेला, चिकटते. एक-एक फ्रेमने सरकवायचं असेल तर ऑल्ट आणि डावा किंवा उजवा बाण, शिफ्टही धरलं तर १० फ्रेम.

लेयरची पूर्ण पट्टीच ओढली तर कीज तिच्याबरोबर जातात. पट्टीचं टोक कापलं तर कीज जागच्या हलत नाहीत. नवीन मुलं या दोन गोष्टींत फार गोंधळतात.

आता १२ सेकंदांचं १० करायचंय. इथे सगळे एक युक्ती सांगतात: सगळ्या कीज निवडा, ऑल्ट धरा, शेवटची की डावीकडे ओढा. कमीत कमी तीन कीज निवडलेल्या असल्या की पूर्ण गट रबरासारखा त्याच प्रमाणात आवळला जातो. युक्ती खरी आहे. पण इथे ती सरसकट वापरू नका.

का ते आकड्यांत बघा. ३०० फ्रेमच्या २५० करायच्या म्हणजे प्रत्येक अंतर सहापैकी पाच भाग राहणार. १२ फ्रेमचं पडणं १० फ्रेमचं होईल. ४ फ्रेमची उसळी ३ फ्रेम आणि थोडी वर अशी कुठेतरी मधेच अडकेल. अक्षराला जे वजन दिलं होतं, ते गेलं. आणि जिथे खरोखर वेळ शिल्लक होता, तिथे तो तसाच पडून राहिला. शेवटचं अक्षर २९व्या फ्रेमला स्थिर होतं आणि तारखेची ओळ थेट १००व्या फ्रेमला येते. मधे ७१ फ्रेम पडदा नुसता थांबलेला आहे.

तेव्हा हालचाल आवळू नका, थांबे आवळा.

अक्षरांना हात लावायचाच नाही. तारखेची ओळ १०० ते ११५ फ्रेममध्ये येते. तारीख, स्थळ आणि 'आपले नम्र' या तिन्ही ओळींच्या सगळ्या कीज निवडून १५ फ्रेम मागे घ्या. ऑल्ट-शिफ्ट-बाण एकदा, ऑल्ट-बाण पाच वेळा. तारीख आता ८५ला येते. मग तारखेला निवडीतून वगळा आणि उरलेल्या दोन ओळी आणखी १५ मागे घ्या. स्थळ १६०वर होतं ते १३०वर आलं. शेवटी फक्त 'आपले नम्र' आणखी १० मागे, म्हणजे २२०वरून १८०वर. राहिलेल्या १० फ्रेम शेवटच्या थांब्यातून कापा. १५, १५, १० आणि १० मिळून बरोबर ५० झाले. एकही हालचाल बदलली नाही, आणि तरी दोन सेकंद सुटले.

हे आकडे मनाने घेऊ नका, आवाज ऐकून घ्या. आवाजाची लेयर निवडून एल दोनदा दाबा, लाटा दिसतात. 'शनिवारी' हा शब्द जिथे सुरू होतो तिथे तारीख आली पाहिजे. गाणं किंवा आवाज चालू ठेवून न्यूमरिक कीपॅडवरचं गुणाकाराचं चिन्ह दाबत गेलात तर तिथे तिथे खुणा पडतात, आणि मग ओळी त्या खुणांवर आणून बसवायच्या.

तोरणाची गोष्ट वेगळी. ते सतत झुलतंय, त्यात थांबा नाहीच. इथे ऑल्टची युक्ती योग्य. आठ कीज ०पासून २८०पर्यंत आहेत, म्हणजे मधे सात अंतरं. शेवटची की नवीन लांबीच्या आत आणायची आहे. मी २४५ निवडतो, कारण सातही अंतरं बरोबर ३५ फ्रेमची होतात आणि एकही की दोन फ्रेमच्या मधे अडकत नाही. आधी प्लेहेड २४५वर नेऊन ठेवा, म्हणजे कुठपर्यंत ओढायचं ते डोळ्यांसमोर राहतं. झोका ४० फ्रेमचा ३५चा झाला तरी तोरणच वाटतं. पडणाऱ्या अक्षराच्या बाबतीत हे चाललं नसतं.

व्हॅल्यू बदलणं: टाइप करणं आणि ओढणं

आता शब्द ८० पिक्सेल वर घ्यायचा आहे. 'नि'च्या पोझिशनमधल्या उभ्या आकड्याच्या चार व्हॅल्यू समजा अशा आहेत: −१००, ५४०, ५००, ५४०. पडद्यावर वर जायचं म्हणजे आकडा कमी करायचा.

चारही कीज निवडल्या आणि आकड्यावर क्लिक करून ४६० टाइप केलं, तर काय होतं? चारही कीज ४६० होतात. पडणं गेलं, उसळी गेली, अक्षर जागच्या जागी उभं. टाइप केलेला आकडा निवडलेल्या प्रत्येक कीला जसाच्या तसा लागतो.

तेच आकड्यावर माउस धरून डावीकडे ओढलं, तर सगळ्या कीज तेवढ्याच फरकाने बदलतात. मिळतं ते असं: −१८०, ४६०, ४२०, ४६०. अंतर शाबूत राहिलं. आपल्याला हवं होतं ते हेच.

यासाठी दोन अटी आहेत. प्लेहेड निवडलेल्या कीजपैकी एकीवर बरोबर उभा असला पाहिजे, नाहीतर प्लेहेड असेल तिथे नवीन की तयार होते आणि ती नंतर कुठून आली ते कळत नाही. जे आणि के या दोन कीजनी मागच्या-पुढच्या की-फ्रेमवर अचूक उडी मारता येते, त्यांनीच जा. दुसरी अट, निवडलेल्या सगळ्या कीज एकाच प्रॉपर्टीच्या असाव्यात. लेयर्स अनेक चालतील, पण पोझिशनबरोबर ओपॅसिटी नको.

कीजना हातच न लावता

खरं सांगायचं तर या कामाला मी व्हॅल्यू ओढणार नाही. कारण आज 'जरा वर' म्हणणारा माणूस उद्या 'जरा खाली' म्हणतो, आणि त्याचं काही चुकतही नाही. देणगीदारांची पट्टी अजून ठरलेली नसते.

अशा वेळी नल ऑब्जेक्ट घ्या: कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-वाय. रेंडरमध्ये (तयार व्हिडिओत) न दिसणारी, नुसत्या दावणीसारखी ही लेयर. चारही अक्षरं निवडा आणि पॅरेंटच्या रकान्यातून त्यांना नलशी जोडा. आता नल ८० पिक्सेल वर घेतला की पूर्ण शब्द त्याच्या पडण्या-उसळण्यासकट वर जातो. नल मोठा-लहान केला तर शब्दही होतो. एकही की हललेली नाही, आणि उद्या नल पुन्हा खाली घेतला की काम पहिल्यासारखं.

जोडल्या जोडल्या अक्षरांचे पोझिशनचे आकडे वेगळेच दिसायला लागतात. घाबरू नका. ते आता पडद्याच्या कोपऱ्यापासून न मोजता नलपासून मोजले जातात. अक्षर पडद्यावर जिथल्या तिथेच असतं.

मला विचाराल तर नवीन माणसाने आधी नल शिकावा. कीज बदलायची निम्मी कामं त्याच्यामुळे उरतच नाहीत.

वेग: सगळ्यांना एफ ९ नको

सगळ्या कीज निवडायच्या आणि एफ ९ दाबायचं, म्हणजे सगळं मऊ होतं (वेग हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो), हे कुणीतरी पहिल्याच दिवशी शिकवतं. तारखेच्या ओळींना ते ठीक आहे. पडणाऱ्या अक्षरांना लावून बघा: अक्षर वरून येतं आणि जमिनीला टेकायच्या आधीच मंदावतं, जणू खाली गादी आहे.

नारळ हातातून सुटला तर काय होतं ते आठवा. सुटताना तो संथ असतो, आदळताना सगळ्यात जोरात. उसळून वर पोचला की क्षणभर थबकतो, मग पुन्हा जोरात खाली. म्हणजे चार कीजपैकी पहिली आणि तिसरी मऊ, दुसरी आणि चौथी टणक. चारही लेयर्समधल्या पहिल्या कीजवर एक चौकट काढा, शिफ्ट धरून तिसऱ्या कीजवर दुसरी, आणि मग एफ ९. चुकून आदळण्याची कीही मऊ झाली असेल तर तिच्यावर कंट्रोल धरून क्लिक करा, ती पुन्हा सरळ होते. किती मऊ हे सगळ्यांना एकाच मापाने द्यायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-के. तिथला आकडा निवडलेल्या सगळ्या कीजना एकदम लागतो.

उसळताना अक्षर मधेच भलतीकडे वळत असेल, तर सगळ्या पोझिशन कीज निवडून कंट्रोल-ऑल्ट-के दाबा आणि स्पेशियल इंटरपोलेशन लिनियर करा, म्हणजे दोन कीजमधला मार्ग सरळ रेषेचा होतो.

एकामागून एक पडणं

असं ॲनिमेशन नव्याने बनवताना वेगाचं काम अक्षरं एकाच वेळी पडत असतानाच उरका, कारण तेव्हा कीज उभ्या रांगेत असतात आणि चौकट सहज काढता येते. एकामागून एक पाडायची पाळी त्यानंतर.

त्यासाठी कीजऐवजी लेयर्स निवडा. मं, त्र, ण निवडून ऑल्ट आणि पेज डाउन तीन वेळा: तिन्ही लेयर्स ३ फ्रेम पुढे जातात. मं-ला निवडीतून काढा, पुन्हा तीन वेळा. त्र-ला काढा, पुन्हा तीन वेळा. टाइमलाइनवर जिन्याच्या पायऱ्या दिसायला लागतात. चार अक्षरांना हे हाताने पुरतं. चाळीस असतील तर लेयर्स क्रमाने निवडा आणि ॲनिमेशन मेन्यूतल्या की-फ्रेम असिस्टंटमधून सिक्वेन्स लेयर्स वापरा.

शब्द शेवटी परत वर जायला हवा असेल तर नव्याने काही बनवू नका. आधीच्या कीज कॉपी करा, प्लेहेड शेवटाकडे नेऊन पेस्ट करा, आणि त्या निवडलेल्या असतानाच की-फ्रेम असिस्टंटमधलं 'टाइम-रिव्हर्स की-फ्रेम्स' द्या. पेस्ट करताना गटातली पहिली की प्लेहेडवर येते, बाकीच्या आपापलं अंतर राखून मागे.

ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे, कीबोर्डवरच्या कीज तेवढ्या वेगळ्या. डोप शीटमध्ये (की-फ्रेम्स दाखवणाऱ्या खिडकीत) बी दाबून चौकट, जी दाबून सरकवणं, एस दाबून आवळणं. फरक एवढाच की तिथे एस प्लेहेडच्या भोवती आवळतं. तेव्हा जी की जागेवर राहायला हवी, तिच्यावर आधी प्लेहेड न्या.

देण्याआधी

प्लेहेड शून्यावर आणा आणि के दाबत दाबत शेवटपर्यंत जा. प्रत्येक की मोजा. आपल्या उदाहरणात नल वापरला, परतीच्या कीज घातल्या नाहीत, तर आकडा ४४च यायला हवा. अनेक लेयर्सच्या कीज एकाच फ्रेमवर असतील तिथे के एकदाच थांबतो, तेवढ्या डोळ्यांनी मोजा. ४५ झाल्या तर कुठेतरी प्लेहेड चुकीच्या जागी असताना व्हॅल्यू बदलली गेली आहे. ४३ भरल्या तर एक की दुसरीवर जाऊन बसली आहे.

मग आवाज चालू करून एकदा पूर्ण बघा, आणि एकदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा बघताना फक्त अक्षरं आदळतात त्या चार फ्रेमकडे लक्ष ठेवा. तिथे पहिल्या व्हिडिओत होता तेवढाच धक्का जाणवला, तर फाइल पाठवा.